कोट्यवधी वर्षांची विज्ञानकथा: गोव्यातली एक जागा धरून कशी लिहावी

उत्क्रांतीवर विज्ञानकथा लिहायला बसलेल्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी रुतते. कथेतलं पात्र कोण? नेहमीच्या कथेत माणूस असतो, सत्तर-ऐंशी वर्षं जगतो, वाचक त्याचा हात धरून शेवटपर्यंत जातो. इथे पानागणिक जीव मरतात आणि प्रकरणागणिक प्रजाती नष्ट होतात. दहा कोटी वर्षं ओलांडली की आधीच्या पानावरचं कुणीच उरलेलं नसतं. मग लेखक घाबरून एखादा अमर परग्रहवासी किंवा कालयंत्र आणतो आणि कथा जीवसृष्टीची न राहता त्या यंत्राची होते.

माझा उपाय सोपा आहे. पात्र धरू नका, जागा धरा. एक खडक, एक खाडी, एक सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार). त्या जागेवरून जीव येत-जात राहू देत. वाचकाच्या हाताला काहीतरी न बदलणारं लागलं की बदल त्याला आपोआप दिसतो. यासाठी गोव्याइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल, कारण इथे एका दिवसाच्या फेरीत तीन अब्ज वर्षांच्या खुणा पाहता येतात.

जागा कशी निवडायची

मोलेहून अनमोड घाट चढताना जे नाइस जातीचे खडक लागतात ते तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. भारतातल्या सर्वांत प्राचीन खडकांत त्यांची गणना होते. पृथ्वीवर जीव नुकता कुठे रुजत होता त्या काळात कथा सुरू करायची असेल, तर हे ठिकाण.

डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातलं लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांतून आलं, ते धारवाड काळातले, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्या वेळच्या समुद्रात लोह विरघळलेल्या स्थितीत होतं. सूक्ष्मजीवांच्या जगण्यातून ते गंजलं आणि थराथराने तळाशी बसलं. यात त्यांनी सोडलेल्या प्राणवायूचा वाटा किती आणि प्राणवायूशिवायच लोह गंजवणाऱ्या जीवाणूंचा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. कथालेखकाने अशा वादांकडे आशेने पाहावं, तिथे त्याला मोकळी जागा मिळते. पुढे लाखो वर्षांच्या पावसाने त्या थरांतली सिलिका (वाळूचा मुख्य घटक) धुऊन नेली आणि उरलं ते खनिज. म्हणजे बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे गेलेला तो लाल माल काही अंशी अतिप्राचीन जीवाणूंचा उच्छ्वास होता. माझ्या मते हा एका दीर्घकथेचा तयार आराखडा आहे आणि तो अजून कुणी वापरला कसा नाही याचं मला नवल वाटतं.

मांडवीतल्या चोडण बेटाची खारफुटी, कुशावती नदीकाठची उसगाळीमळची प्रस्तरचित्रं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं एखादं खाजन शेत, हेही पर्याय आहेतच. पण पहिल्याच कथेसाठी मी सडा सुचवीन. जांभ्याचा उघडा, सपाट सडा मे महिन्यात पाहिलात तर काळपट, तापलेला, मेल्यासारखा दिसतो. तोच ऑगस्टमध्ये पाहा. गुडघे टेकून, डोकं जमिनीजवळ नेऊन पाहा, उभ्याने काही दिसणार नाही. बोटभर उंचीच्या दवबिंदूच्या रोपावर लालसर केसांची गर्दी असते, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. शेजारी सीतेची आसवं जांभळी फुललेली. तिचे सापळे मात्र ओल्या मातीत, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी, आणि त्यांचं नातं एकमेकांशी दूरचं. इतक्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ज्या वंशात कीटकांतून नत्र मिळवायची सोय निघाली तो इथे टिकला. दोन वेगळ्या वंशांनी एकाच अडचणीवर वेगवेगळं उत्तर काढलं, हे तुमच्यासमोर घोट्याएवढ्या उंचीवर उभं आहे. मे आणि ऑगस्ट, दोन्ही वेळा जा आणि वही घेऊन जा. फोटो काढल्यावर माणूस बघणं थांबवतो.

काळाचा नकाशा आखा

कोटी-कोटीचे आकडे वाचकाच्या डोक्यात बसत नाहीत, लेखकाच्याही बसत नाहीत. म्हणून लिहिण्याआधी एक मोजपट्टी तयार करा आणि भिंतीवर लावा. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गोव्याची सरळ रेषेतली लांबी सुमारे शंभर किलोमीटर धरू. पत्रादेवीला पृथ्वीचा जन्म, ४५४ कोटी वर्षांपूर्वी. पोळ्याच्या नाक्यावर आज. म्हणजे एक किलोमीटरला साडेचार कोटी वर्षं.

या रेषेवर जीवाच्या सर्वांत जुन्या, बऱ्यापैकी मान्य खुणा म्हापशाच्या आसपास लागतात (सुमारे ३५० कोटी वर्षं). हवेत प्राणवायू साचू लागतो तो थेट झुवारी ओलांडल्यावर, वेर्ण्याच्या आसपास (सुमारे २४० कोटी). केंद्रक असलेल्या पेशींचे जुने जीवाश्म मडगाव मागे पडल्यावर. आणि ज्याला आपण प्राणिजगत म्हणतो, कवचं, डोळे, पाय, जबडे, त्याचा मोठा स्फोट काणकोणच्या चावडीजवळ, पोळ्याच्या बारा किलोमीटर अलीकडे (५३.९ कोटी). डायनासोर संपतात तेव्हा पोळे दीड किलोमीटरवर असतं. आपली मानवजात शेवटच्या साडेसहा मीटरांत. पोर्तुगीज राजवटीची ४५१ वर्षं म्हणजे एक सेंटीमीटर.

हा नकाशा काढल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या प्रवासात उघड्या डोळ्यांना दिसेल असं फारसं काहीच नाही. बहुतेक लेखक हा सगळा भाग दोन ओळींत उडवतात आणि डायनासोरकडे धावतात. तुम्ही धावू नका. निदान एक प्रसंग त्या लांब, चिकट, सूक्ष्म काळातला हवाच. नाहीतर पुढच्या बारा किलोमीटरांतली घाई जाणवणारच नाही.

सगळी जीवसृष्टी नको, एक धागा घ्या

एका कथेत सारी उत्क्रांती कोंबली की शाळेतला तक्ता होतो. एखादा अवयव, एखादी सवय किंवा एखादा वंश निवडा.

गोव्याच्या संदर्भात मला सर्वांत आवडणारा धागा देवगांडुळाचा. पहिल्या जोरदार पावसानंतर कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) माती उकरताना पोफळीच्या मुळाशी जांभळट, वळ्यावळ्यांचं, गांडुळासारखं काहीतरी निघतं. नात ओरडते, “आजी, साप!” आजी म्हणते, “न्हय गो, कितें ना तें” (नाही गं, काही नाही ते), आणि फावड्याने बाजूला सारते. हा प्राणी बेडकांचा नातेवाईक आहे, बिनपायांचा उभयचर. डोळे कातडीखाली, काही जातींत हाडाखाली दडलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान वास-स्पर्श टिपणारी इवलीशी स्पर्शिका. चोर्ला घाट परिसरातल्या एका जातीला २००७ साली शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा त्यात म्हादई नदीच गुंफली गेली.

आता कथेचा मसाला: या कुळातले त्याचे जवळचे भाऊबंद सेशेल्स बेटांवर आहेत. खाऱ्या पाण्यात उभयचर सहसा टिकत नाहीत, मग ते तिथे पोहले कसे? पोहले नाहीत, जमीनच दुभंगली. भारत आणि सेशेल्स सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटले, आणि पुढे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून. मातीत तोंड खुपसून जगणाऱ्या जीवाला याची कल्पनाही नव्हती. त्याच्या बिळाखालचा खंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकत होता, एकेकाळी वर्षाला पंधरा सेंटीमीटरांहून अधिक वेगाने. मुख्य पात्र आंधळं आणि त्याच्या पाठीवर खंडाचा प्रवास. वाचकाला सगळं कळतं, पात्राला काहीच नाही, आणि सगळा ताण या फरकातून येतो.

दुसरा मोहात पाडणारा धागा म्हणजे निवटी, चिखलात राहणारी मासळी. ओहोटीला चोडणच्या चिखलात ती परांवर रेलून सरपटते. डोक्यावर बसवल्यासारखे डोळे मधूनच खोबणीत ओढून ओले करते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. पाहताक्षणी वाटतं, हाच आपला पूर्वज जमिनीवर आला. इथे सावध राहा. निवटी ही आजच्या हाडाळ माशांतल्या एका फांदीची, आपल्यापासून खूप दूरची. जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांची फांदी वेगळी. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या बेटावर २००४ मध्ये सापडलेला टिकटालिक त्या वळणाजवळचा, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. निवटीला “तोच प्रयोग पुन्हा करणारी” म्हणून कथेत आणा, आपली खापरपणजी म्हणून आणू नका.

कारण द्या आणि किंमत मोजा

इथे सर्वांत जास्त कथा बिघडतात. हे वाक्य पाहा:

“मासा किनाऱ्याकडे पाहत राहिला. त्याला जमिनीवर जायचं होतं. हळूहळू त्याच्या परांचे पाय झाले.”

असं लिहिलं की मासा उमेदवार आणि निसर्ग परीक्षक होतो. उत्क्रांतीला इच्छा नसते. पिल्लांत फरक आधीपासून असतात, परिस्थिती त्यांतली काही वाचवते. आणि पाय जमिनीसाठी आलेच नव्हते. बोटं असलेले सुरुवातीचे चतुष्पाद, उदाहरणार्थ पुढच्या पायाला आठ बोटं असलेला अ‍ॅकॅन्थोस्टेगा, बहुतांशी पाण्यातच राहत. तेच दृश्य असं लिहिता येईल:

“त्या हंगामात उथळ पाण्यात झाडपाल्याचा गाळ इतका साचला की पोहायला जागाच उरली नाही. शेकडो पिल्लांत काहींच्या पराचं हाड किंचित जाड होतं. ती गाळ ढकलून पुढे सरकली. बाकीची जिथे होती तिथेच राहिली, आणि बगळ्यांना अजून कोट्यवधी वर्षं अवकाश असल्यामुळे त्यांना दुसऱ्याच कुणीतरी खाल्लं.”

बगळ्याची ओळ थोडी आगाऊ आहे, मान्य. पण अशा कथेत निवेदकाचा मिश्किल सूर वाचकाला बरा वाटतो, नाहीतर सगळं शोकसभेसारखं होतं.

प्रत्येक बदलाची किंमत कथेत दिसू द्या. देवगांडुळाला मातीत फिरायला सडपातळ अंग मिळालं, पाय आणि नजर गेली. भातशेतीत माणसाने दाणा न झडणारं भात निवडलं. उद्या माणूस नाहीसा झाला तर तेच भात अडचणीत येईल, आणि ज्या रोपांचा दाणा झडतो तीच पुढे पसरतील. तण-भातात असा उलटा प्रवास आजही होतो.

आणि दशावतार. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत रात्ररात्र दशावतारी नाटकं पाहिलेल्या आपल्यासारख्यांना मत्स्य-कूर्म-वराह ही उत्क्रांतीचीच ओळ वाटते. कथेत हे समीकरण मांडू नका. त्यात प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वर जाते. निसर्गात असं काही नसतं. याच उपखंडात जमिनीवरच्या खुरवाल्या प्राण्यांचा एक वंश सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी परत पाण्यात उतरला आणि त्यातून देवमासे व डॉल्फिन झाले. शिकेरीच्या किनाऱ्यावरून होडीत बसून पर्यटक जे डॉल्फिन पाहतात ते शिडी उतरून गेलेले प्राणी आहेत. पोथीचा आकार मात्र जरूर घ्या: अध्याय, मधेच निरूपण, मग पुन्हा आख्यान. अब्जावधी वर्षांची उडी मारायला हा आकार फार उपयोगी पडतो. पुराणांतल्या कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची, ४३२ कोटी वर्षं आणि पृथ्वीचं ४५४ कोटींचं वय जवळ येतात म्हणून त्यातून पुरावा काढायला जाऊ नका, इतकंच.

सांगणारा कोण

“मी डोंगर बोलतोय” हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे आणि सगळ्यांनी सारखाच लिहिला आहे. खडकाला वाचा फोडू नका. त्याऐवजी बाहेरचा, शांत निवेदक ठेवा आणि त्याला एकच कृती वारंवार टिपायला लावा: ओल शोधणं, अंडी लपवणं, श्वास रोखणं. तीच कृती वेगवेगळ्या शरीरांत पुन्हा दिसली की वाचक स्वतःच धागा जोडतो. दुसरा पर्याय: दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुद्रतळाच्या गाळाचा नमुना तपासणारी संशोधक. ती एकेक थर खाली जाते आणि कथा मागे जाते. हे चांगलं जमतं, फक्त तिचं खासगी दुःख आणि प्रजातींचा विनाश यांची सांगड घालायचा मोह टाळा. फार जणांनी घातली आहे.

पार्श्वभूमी तपासताना

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण जाणकार वाचक कथा इथेच मिटवतो. दिवस आजच्यापेक्षा लहान होता: साठ-बासष्ट कोटी वर्षांपूर्वी तो सुमारे बावीस तासांचा होता. चंद्र जवळ होता, तो आजही वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर जातो. गवत, फुलं, मधमाश्या फार उशिरा आल्या. कोळशाच्या काळात, तीस कोटी वर्षांपूर्वी, हिरवळीचं कुरण दाखवलंत की संपलं. तिथे दाट दलदल हवी आणि दोन फुटांहून अधिक पंखविस्ताराचा चतुरासारखा कीटक. हिमालय उभा राहण्याआधी आजच्यासारखा मान्सून गृहीत धरू नका. आणि गोवा तेव्हा या अक्षांशावर नव्हताच, त्यामुळे आकाशातले वारे आणि ऋतूही वेगळे.

किनाराही हलत राहतो. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, म्हणजे मिरामारवरून पश्चिमेला कित्येक किलोमीटर कोरडी जमीन. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही गोष्ट आपल्याकडे आहेच. तुमच्या कथेतल्या आदिमानवाला उलटं दिसेल, समुद्र दर पिढीला थोडा आत येताना. त्याने ती गोष्ट मुलांना कशी सांगितली असेल, हे लिहिण्यासारखं आहे.

महाविनाश थोडक्यात लिहा

उल्का, ज्वालामुखी, आगीचे लोळ यांवर पानं खर्ची घालू नका. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या विनाशात समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती गेल्या, ६.६ कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली आणि त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्याचे थर गोव्याच्या ईशान्य कडेपर्यंत आले आहेत. हे एका परिच्छेदात होतं. त्याहून रंजक आहे ते नंतरचं: रिकाम्या जगात कोण उरलं? साधारणपणे लहान, काहीही खाणारे, बिळात राहणारे, भरभर पिल्लं घालणारे. देवगांडुळाचा धागा घेतला असेल तर लाव्हा वाहताना तो कुठल्या ओल्या खडकाखाली होता, एवढं एक दृश्य पुरे.

पुढचा काळ

भविष्याकडे जाताना लेखक बेफाम होतात: उडणारे मासे, बोलणारे खेकडे. आधी जवळचं लिहा. खाजनाचा बांध फुटतो, मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची) दारं कुजतात, भरतीचं पाणी आत येतं. कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात तिथे उरतं, रानटी होतं. निवटी जुन्या वाफ्यांत बिळं करते. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र ६५-७० मीटर चढेल. तेव्हा सडे बेटं होतील, आणि बेटावर अडकलेल्या लहान समूहात बदल वेगाने होतात. इथून दहा लाख वर्षं, मग एक कोटी, अशा टप्प्याने जा. सुमारे पंचवीस कोटी वर्षांनी खंड पुन्हा एकत्र येतील असा भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. शंभरेक कोटी वर्षांत सूर्य सुमारे दहा टक्के अधिक प्रखर झालेला असेल आणि समुद्र टिकणं कठीण होईल. त्याआधीच हवेतला कार्बन डायऑक्साइड घटून आजच्या बहुतेक झाडांची उपासमार सुरू होईल. शेवटी पुन्हा सूक्ष्मजीवच उरतील, म्हापसा ते काणकोणच्या त्या लांब पट्ट्यातले जुने मालक.

भविष्यातल्या जीवांना नावं देताना संस्कृत जोडशब्दांचे डोंगर रचू नका. “महाजलसर्पवृश्चिक” वाचून वाचक हसतो. दिसण्यावरून किंवा सवयीवरून गावातला माणूस देईल तसं नाव द्या: पाणकिडा, सडेघुशी, खारभात.

लिहून झाल्यावर

मसुदा दोन रंगांनी वाचा. एकाने प्रत्येक ठोस विधान खुणावा (काळ, प्राणी, हवामान) आणि ते पडताळा. दुसऱ्याने “साठी” आणि “म्हणून” हे शब्द खुणावा. “उडण्यासाठी पंख आले” असं कुठे सापडलं की ते वाक्य पुन्हा लिहा. मग मसुदा दोघांना द्या, एक जीवशास्त्र शिकलेला आणि एक न शिकलेला. पहिल्याला चुका विचारा, दुसऱ्याला कुठे कंटाळा आला ते विचारा. उलटं विचारू नका.

लांबी तीन-साडेतीन हजार शब्दांत ठेवली तर दिवाळी अंकांना चालते. मराठी विज्ञान परिषद विज्ञानरंजन कथास्पर्धा घेत आली आहे, तिथली शब्दमर्यादा आणि मुदत त्या-त्या वर्षीच्या घोषणेत पाहून घ्या. पाठवताना कथेला टिपा, तक्ते, संदर्भसूची जोडू नका. परीक्षकाला एखादी गोष्ट समजावून सांगावी लागत असेल तर ती कथेच्या आतच, एखाद्या प्रसंगात, सांगून टाका.